पेट्रोल सोडून विजेवर जावं का? तारा, घाट आणि हिशेब (अनुभव धागा)

पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यावी का, यावरून प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर रोज रणकंदन चालू असतं. निम्मे ‘बॅटरी फुटते हो’ म्हणणारे, निम्मे ‘पेट्रोलचे दिवस भरले’ म्हणणारे. गाडी घ्यायला निघालेल्याला दोघांचाही उपयोग नाही.

म्हणून हा धागा. अट एकच: गाडी कशी भारी पळते आणि शेजारी कसे बघत बसले, हे नको. तारेची जाडी किती, युनिट किती, बिघडतं काय आणि का, ते लिहा. पेट्रोलवाल्यांनीही लिहा. (kWh ला इथे ‘युनिट’च म्हणू, बिलावर तेच असतं. प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तीनफेज

सुरुवात पार्किंगमधल्या प्लगपासून, कारण नव्वद टक्के कटकटी तिथेच होतात.

गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो, म्हणजे १४-१५ अँपिअर. गिझरही तेवढाच घेतो, पण वीस मिनिटं. गाडी सलग सात-आठ तास घेते. घरगुती १६ अँपिअरचा सॉकेट थोडा सैल झाला आणि पिनेपाशी ०.१ ओहम रेझिस्टन्स आला, तर १५ × १५ × ०.१ म्हणजे साडेबावीस वॅट उष्णता त्या एका पिनेवर तयार होते. सोल्डरिंगचं छोटं आयर्न एवढंच असतं. मग सॉकेट तपकिरी पडतो, वास येतो आणि खापर गाडीवर फुटतं. उपाय: निळा गोल इंडस्ट्रियल सॉकेट, ४ चौ.मिमी तांब्याची तार, स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच). एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको.

७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर ३२ अँपिअर घेतो. २०-२५ मीटरपर्यंत ६ चौ.मिमी चालते. मीटर रूम ६० मीटर लांब असेल तर ६ च्या तारेत बारा-एक व्होल्ट वाटेतच पडतात, १० चौ.मिमी टाका, सातवर येतात. एमसीबी ४० अँपिअर, सी कर्व्ह. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअर, तोही ‘टाइप ए’. दुकानदार गळ्यात मारतो तो स्वस्त ‘टाइप एसी’ डीसी गळतीपुढे आंधळा होतो; वेळेला ट्रिपच होत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय नसेल, तर ‘टाइप बी’ लागतो आणि तो महाग आहे. चार्जर घेतानाच हे विचारा.

अर्थिंग: न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं की बरेच चार्जर लाल दिवा दाखवून बसतात. इथे काही वायरमन न्यूट्रलवरून अर्थला लूप मारून ‘झालं काम’ म्हणतात. हे कधीही करू देऊ नका. वाटेत न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील. खड्डा खणून स्वतंत्र अर्थिंग करा, रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत आणा.

मानद चिटणीस

तीनफेजरावांना दंडवत. सोसायटीच्या बाजूने थोडं.

घरच्या चालू वीज जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने गाडीसाठी वेगळी जोडणीही घेता येते. तेव्हा कमिटीने ‘परवानगी नाही’ म्हणण्यापेक्षा ‘कशी करायची’ यावर बोलावं. मंजूर भार आधी बघा. २ किलोवॅटच्या मीटरवर ७.२ चा चार्जर लावला तर मीटरकडच्या टर्मिनलपासून जळायला सुरुवात होते. भार वाढवायचा अर्ज, लायसन असलेल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, मग कोटेशन, या क्रमाने जा.

चूक सगळ्यांची एकच होते: पहिल्या पाच जणांना आपापली केबल लटकवू देतात, सहाव्याच्या वेळी डक्ट भरलेला असतो. पहिल्याच गाडीला केबल ट्रे टाकून घ्या. चाळीस चार्जर × ७.२ म्हणजे २८८ किलोवॅट, कुठलीही इमारत घाबरेल. पण सगळे एकदम पूर्ण ताकदीने चालवायची गरजच नसते, भार वाटून देणारे चार्जर मिळतात.

पेट्रोलप्रेमी

आता थंड पाणी ओततो.

पेट्रोल १०४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १५ धरा: किलोमीटरला ७ रुपये. विजेवर गाडी युनिटला ७ किमी देते, पण चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के उडतात, म्हणजे मीटरवरच्या युनिटमागे ६.३ च. घरचा दर १२ रुपये धरला तर १.९० पडतात. वाचले ५ रुपये. सारख्या आकाराच्या गाड्यांत फरक ४ लाखांचा असेल, तर महिना १,००० किमीवाल्याला तो फिटायला साडेसहा वर्षं लागतात. ४०० किमीवाल्याला साडेसोळा. त्याला गाडी नको, रिक्षाची सवय हवी.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. इलेक्ट्रिकवर ५ टक्के आधीपासूनच आहे, म्हणजे दोघींतलं अंतर कमी झालं. गाडीकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली ‘८० ईईबी’ची वजावट फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना आहे, विक्रेते अजून ती तोंडावर फेकतात. आणि घरी चार्जिंग नसेल तर बाहेर २२ च्या आसपास दर आणि वर १८ टक्के जीएसटी. तेव्हा बचत अडीच-तीन रुपयांवर येते.

तीनफेज

हिशेब मान्य, एक भर. ‘गाडी आली की सगळं बिल वरच्या दराने येतं’ ही अफवा आहे. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत. ज्या टप्प्यात युनिट पडेल तेवढ्यालाच तो दर. घराची २५० आणि गाडीची १६० युनिटं मिळून ४१०. वरचा दर फक्त ३०० च्या पुढच्या ११० ना.

कोळसा-शंका

वीज कोळशाचीच ना? मग धूर गाडीतून न निघता पारस-चंद्रपूरच्या वीज केंद्रातून निघतो, एवढाच फरक.

पेट्रोलप्रेमी

विरोधी पक्षात असूनही उत्तर देतो. देशातल्या ग्रिडचा सरासरी उत्सर्जन युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड. भागिले ६.३, म्हणजे किलोमीटरला ११४ ग्रॅम. पेट्रोलचं लिटर जळून २.३ किलो, भागिले १५, म्हणजे १५३. रिफायनरीचं वेगळंच. फरक आहे, पण स्टिकरवर छापतात तितका नाही. बॅटरी बनवतानाच्या धुराचं कर्ज आधी फेडायचं असतं, त्यामुळे कमी फिरणाऱ्याला इथेही टाळ्या नाहीत.

घाटवाट

खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटर. माणसं-सामान धरून १,८०० किलोची गाडी तेवढी उचलायला निव्वळ २.७ युनिट लागतात. मोटर-इन्व्हर्टरमधली घट धरली तर सव्वातीन. सपाटीच्या खर्चावर हे जास्तीचे. ३० युनिटच्या बॅटरीतला दहावा हिस्सा बोरघाटच खातो. उतरताना युनिटभर परत येतं, सगळं नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वर म्हणजे खरी परीक्षा. चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटर. चढाचे साडेसात युनिट, रस्ता आणि एसीचे साडेतीन-चार. पन्नास टक्क्यांवर निघालात तर वर पोचता दहा-बारा टक्के उरतील, आणि पडद्यावरचा रेंजचा आकडा वाटेत असा कोसळतो की मागच्या सीटवर नामस्मरण सुरू होतं. तो आकडा मागच्या काही किलोमीटरवरून काढलेला असतो. त्याच्याकडे न बघता टक्के बघा.

उलटी चूक जास्त धोक्याची. महाबळेश्वरला रात्रभर लावून १०० टक्के करायचे आणि सकाळी आंबेनळी उतरायची. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, त्यामुळे रीजन (पाय सोडल्यावर मोटरने वीज बनवत गाडी आवरणं) जवळजवळ बंद पडतो आणि रोजच्यासारखी गाडी आवरत नाही. सगळा भार डिस्क-पॅडवर. ८५ टक्क्यांवर चार्जर काढा. खाली पोचेपर्यंत टक्के वाढलेलेच दिसतील.

द्रुतगतीवर ताशी ८० ला युनिटमागे ७ किमी मिळत असतील तर १०० ला साडेपाच धरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तिथे ब्रँड चालत नाही.

फास्टटॅग

पथकर: राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी या रस्त्यांवर इलेक्ट्रिक कारना माफी आहे, अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. जुन्या गाडीचा टॅग काढून नवीवर चिकटवू नका. टॅगच्या नोंदीत वाहन इलेक्ट्रिक म्हणून नसेल तर पैसे कापले जातात. नंबरप्लेट हिरवी आहे हे यंत्राला दिसत नाही.

गनमास्टर

बाहेरचं डीसी (जलद) चार्जिंग. पाटीवर ६० किलोवॅट लिहिलंय म्हणून ६० मिळत नाही. दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर अनेक मशिनं ३०-३० वाटतात. त्यातही तुमची गाडी जास्तीत जास्त किती घेते ती मर्यादा वेगळी. ८० टक्क्यांच्या पुढे वेग इतका पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांत जेवण, चहा आणि भांडण सगळं होतं. लांबच्या प्रवासात १० ते ८० करा आणि निघा.

चार्जिंग सुरूच होत नसेल तर या क्रमाने: मशिनवरचं लाल आणीबाणी बटण कोणी दाबून ठेवलंय का बघा (फार वेळा हेच असतं). गन काढा, गाडी लॉक करा, दोन मिनिटं थांबा, मग गन लावून सत्र सुरू होईपर्यंत खालून हाताने उचलून धरा. जाड केबलच्या वजनाने गन खाली झुकते, सिग्नलची पिन नीट बसत नाही आणि मशीन ‘कनेक्शन फेल’ म्हणतं. संपल्यावर गन सुटत नसेल तर ओढू नका; अनलॉक दोनदा दाबा. डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने सोडायची दोरी बऱ्याच गाड्यांना असते, ती कुठे आहे हे घरीच बघून ठेवा.

लातूरकर

खेड्यात प्रश्न रेंजचा नाही, व्होल्टेजचा. संध्याकाळी पंप आणि घरं एकदम चालू झाली की १८० वर येतं. तिथे चार्जर करंट कमी करतो किंवा गप्प बसतो. चार्जरमध्ये मर्यादा सेट करून ८-१० अँपिअरवर पहाटे लावा. छोटा स्टॅबिलायझर मध्ये घालू नका, तो सलग भाराला जळतो. छतावर ३ किलोवॅट सोलर असेल तर दिवसाला बारा-एक युनिट मिळतात, म्हणजे ७०-७५ किमी. सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० अनुदान आहे.

गॅरेजवाला

‘मेंटेनन्स शून्य’ हे खोटं. इंजिन ऑइल नाही, हे खरं.

मोठी बॅटरी भरलेली आणि गाडी मेलेली, असं झालं तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघा. मुख्य कॉन्टॅक्टर (मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा स्विच) तीच ओढते. तीन-चार वर्षांनी बदला. जंपस्टार्ट चालतो, पण दोरी बांधून ओढणं नाही. चाकं फिरली की मोटर वीज बनवते. फ्लॅटबेडच मागवा.

कूलंट कमी विद्युतवाहक लागतं. रस्त्यावरचं हिरवं-लाल टाकलं की इन्सुलेशन फॉल्ट (वीज पत्र्यात गळतेय असा इशारा) येऊ शकतो. कोकणात रीजनमुळे ब्रेक वापरातच येत नाहीत आणि डिस्क गंजतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारा. टायर पेट्रोलपेक्षा लवकर जातात, वजन आणि टॉर्क दोन्ही जास्त.

पाणी: आयपी ६७ (बॅटरीत पाणी न शिरण्याचा दर्जा) म्हणजे एक मीटरपर्यंत अर्धा तास, तेही नव्या सीलसह, साचलेल्या पाण्यात. पूर ओसरल्यावर गाडी चालू होते का बघायला चार्जर लावतात, ती सर्वात वाईट गोष्ट. आधी इन्सुलेशन तपासा.

सेकंडहँड

जुनी घेताना किलोमीटरपेक्षा बॅटरीचे सेल बघा. ओबीडी डोंगल (गाडीची माहिती फोनवर दाखवणारा छोटा प्लग) लावून सर्वात जास्त आणि सर्वात कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक वाचा. थांबलेल्या गाडीत निम्म्या चार्जला तो २०-३० मिलिव्होल्टच्या आत हवा; जास्त असेल तर गाडी सोडा. आठ वर्षं किंवा १.६ लाख किमी ही नेहमीची बॅटरी वॉरंटी दुसऱ्या मालकाला पूर्ण मिळते का, ते लेखी घ्या.

एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी आठवड्यातून एकदा १०० टक्के करा. तिचा व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज चुकत जातो आणि पडद्यावर १५ दिसताना गाडी थांबते. एनएमसीला (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली) उलट, रोज ८० वर थांबवा. कुठली आहे ते ब्रोशरमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं.