मदत हवी आहे: "सिस्टर, डॉक्टर काय म्हणाले?" याला विद्यार्थिनींनी काय उत्तर द्यावं?

मी मिरजेत नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकवते. आजाराचं निदान सांगणं डॉक्टरांचं काम, मान्य. पण राउंड पुढच्या खाटेकडे सरकला की पेशंट सिस्टरलाच विचारतो, आणि आमच्या मुली तिथेच गडबडतात.

परवाचंच बघा (तपशील थोडे बदललेत). जतकडच्या आजी, बायप्सीचा रिपोर्ट आलेला. मुलानं आम्हाला दारातच गाठलं, "आईला कॅन्सर म्हणू नका, साधी गाठ म्हणा." बीपी बघताना आजींनी विद्यार्थिनीचं मनगट धरलं, "पोरी, गाठ कसली हाय गं?" ही म्हणाली, "काही नाही आजी, लवकर बऱ्या व्हाल," आणि दंडाचा कफ तसाच ठेवून निघून गेली. मी सोडायला गेले तर आजी म्हणतात, "एवढी भ्याली म्हंजी मोठंच कायतरी असणार."

वर्गात 'स्पाइक्स' शिकवते, पेशंटला वाईट बातमी कशी सांगावी याची २००० साली मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धत. पहिल्या पायरीला निवांत जागा हवी. जनरल वॉर्डात पडदासुद्धा नाही, शेजारच्या खाटेवरचे पाहुणे कान देऊन. तिसरी पायरी, पेशंटला किती जाणून घ्यायचंय ते विचारणं. तिथे उत्तर मुलगाच देतो!

सध्या मी एवढंच घोटून घेते: आधी "तुम्हाला काय सांगितलंय आजी?" असं विचारायचं, मग "मी डॉक्टरांना परत बोलावते, ते बोलतील तेव्हा मी इथंच थांबते." नंतर गप्प बसायचं. हे गप्प बसणंच मुलींना जमत नाही, लगेच सलाईन चाचपायला लागतात.

रोल प्लेमध्ये मैत्रीणच पेशंट होते, दोन मिनिटांत दोघी खिदळतात. म्हणून सांगलीतल्या हौशी नाटकवाल्यांना पेशंट म्हणून बोलवावं असं डोक्यात आहे. विष्णुदास भाव्यांच्या गावाला नटांचा काय तोटा! कुणी केलंय का असं? त्यांना आधी किती सांगून ठेवायचं? चिडणारा मुलगाही त्यांनाच करायला लावावा का?

आणि अथणीकडचे कानडी पेशंट? मावशी मध्ये दुभाषी होतात आणि स्वतःच्या पदरचा धीर घालून सांगतात. मावशींनाही सोबत बसवून शिकवावं का, की मुलींना चार कानडी वाक्यं पाठ करून द्यावीत? वॉर्डात काम केलेल्या सिस्टरांनी जरूर लिहा.