पाणकावळा आणि ऑस्प्रे: आपण पाहिलेली शिकार

भीमातीर:
भिगवणचे एक जुने छायाचित्र आज सापडले आणि उजनीच्या फुगवट्यात बुडालेली ती बाभूळ पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली. शेंड्यावर ऑस्प्रे हा घारीसारखा शिकारी पक्षी पंजाखालचा मासा फाडत बसला होता, तर खालच्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून ऊन घेत होता. दोघांचेही अन्न मासेच. पण पाणकावळ्याची पिसे भिजत असल्यामुळे त्याला बुडी मारणे सोपे जाते आणि ऑस्प्रेची पिसे दाट, तेलकट असल्यामुळे तो पाण्यात आदळूनही लगेच वर उठतो, हे मला फार विलक्षण वाटते. कोणी यांची शिकार पाहिली असल्यास अवश्य लिहावे.

गोदाकाठ:
जायकवाडीला पाहिली आहे. ऑस्प्रे पंख फडफडवत हवेत एका जागी थांबला, मग पाय पुढे करून पाण्यात असा कोसळला की क्षणभर फक्त पंखांची टोकेच दिसली. वर आल्यावर त्याने अंग झटकले आणि उडता उडताच मासा फिरवून त्याचे डोके पुढे केले. त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी होतो. त्याचे बाहेरचे बोट मागे वळू शकते आणि तळव्यावर बारीक काटे असतात, म्हणूनच बुळबुळीत मासाही त्याच्या पकडीतून सहसा सुटत नाही.

तळ्याकाठची:
पाणकावळ्याचे कौतुक मात्र नेहमीच कमी होते, याचे वाईट वाटते. त्याची चारही बोटे पडद्याने जोडलेली असतात आणि पाण्याखाली तो पायांनीच वल्हवतो. आमच्या तलावावर हे पक्षी थव्याने मासे हुसकावत पुढे सरकतात, तेव्हा उथळ पाण्यात आलेले मासे टिपायला बगळे काठावर तयारच असतात. पकडलेला मासा पाणकावळा वर उडवून डोक्याकडून गिळतो.

खाडीकाठ:
ताई, डोक्याकडूनच का? आमच्या रत्नागिरीत ब्राह्मणी घारी होड्यांभोवती फिरून मेलेले मासेही उचलतात, पण त्या तुकडे तोडून खातात.

तळ्याकाठची:
दादा, डोके आधी गेले की माशाचे पर आणि काटे मागे दुमडतात व घशात अडकत नाहीत. घार आणि ऑस्प्रे लचके तोडत असल्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही.

गोदाकाठ:
भिगवणला कधी जावे?

भीमातीर:
ऑस्प्रे हिवाळी पाहुणा आहे, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीत यावे. नावाड्याला बाभळीपासून नाव लांबच ठेवायला आवर्जून सांगावे, म्हणजे पक्ष्याला निवांत खाता येईल.