टेलिफोनच्या संग्रहालयातला तो आवाज : तुमचेही अनुभव लिहा

परवा टेलिफोनच्या संग्रहालयात गेले होते. तिथल्या काळ्या फोनला हात लावू देतात. सहज 0 फिरवला. चकती परत येतानाची ती कर्रर्र ऐकली आणि गलबललंच. बाबांच्या ऑफिसच्या नंबरात तीन शून्यं होती. ते आजारी असताना आई नंबर फिरवायची, मी तिचा पदर धरून ती चकती कधी परत येते याची वाट बघायचे. तुम्हाला काय आठवतं?

---

ताई, शून्याला वेळ लागायचाच. जितका आकडा तितक्या वेळा लाइन तुटते आणि जुळते, शून्याला दहा वेळा! आमच्याकडे डायलला कुलूप असायचं, मग भाऊ हुक, म्हणजे रिसीव्हर ठेवतो ती खटकी, टिचकवून नंबर लावायचा. पाचाला पाच टिचक्या. बरोब्बर लागायचा.

---

मुलांना नेण्यासारखं आहे का? किती वेळ लागतो?

---

हो, नक्की न्या. माझ्या भाच्याने भोकात बोट घालून बटणासारखं दाबलं. फिरवायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं त्याला.

---

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो, स्ट्रोजरवर, म्हणजे आपोआप कॉल जोडणाऱ्या यंत्रावर. आल्मन स्ट्रोजर हा अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा माणूस, 1891 चं पेटंट त्याचं. मधे ऑपरेटर नको म्हणून केलेलं यंत्र. दिवसा नुसता खडखडाट. पण रात्रपाळीला एकच कॉल आला की सिलेक्टर, म्हणजे फिरवलेल्या आकड्यांप्रमाणे लाइन जोडणारा भाग, टकटक वर चढताना, मग आडवा सरकताना स्पष्ट ऐकू यायचा. कुणीतरी जागं आहे, कळायचं. इलेक्ट्रॉनिक आल्यावर हॉल एकदम गप्प झाला. मला तिथे करमेना.

---

काका, अजून लिहा ना! वीज गेली तरी फोन चालू कसा राहायचा?

---

एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवर. 48 व्होल्ट, तारेतूनच घरी यायचे. बॅटरीची खोली वेगळी, आत आम्लाचा वास.

---

माझे वडील तारमास्तर. जेवता जेवताही बोटं ताटाच्या कडेवर कडकट्ट करत असायची. शेवटच्या आठवड्यात वाचा गेली होती, पण उजव्या हाताचं बोट पांघरुणावर हलत होतं. थांबायचं, परत हलायचं. घरात मोर्स, ती तारेची टकटकीची भाषा, कुणालाच येत नव्हतं. तो हात मी नुसता धरून बसले.

---

ताई... काय लिहू. बाळ उठलंय, रात्री सावकाश लिहिते.

---

मोर्स यायला हवं होतं आपल्याला. खरंच.

---

काका, त्या सिलेक्टरचा आवाज कुठे ऐकायला मिळेल का हो?