विषय: ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते

सामान समिती, टेक्सास

नमस्कार मंडळी,
गणपतीचं सामान हॉलवर न्यायला यंदा आमची पिकअप आहे. ट्रेलर भरून साधारण ५,००० पौंड होतो. परवा जोडून बघितला तर गाडी मागून चांगलीच बसली, हेडलाइट आभाळाकडे, आणि हायवेला स्टिअरिंग हलकं लागतं. दुकानदार म्हणतो, मागच्या स्प्रिंगला आधार द्यायला एअरबॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या बसवा, काम झालं. मंडळाच्या खर्चाने बसवायच्या का? परळचे काका, तुमचं मत हवंय.

---

अगं, आत्ता नको. मागून बसलेली गाडी डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे त्यावरच पैसे घालतात. मला काळजी तुझ्या हलक्या स्टिअरिंगची.

हिचचा गोळा, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतो तो, मागच्या आसाच्याही मागे असतो. त्यावर वजन आलं की आस टेकू होतो आणि गाडीचं नाक उचललं जातं, सी-सॉसारखं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, १४५ इंच, आसापासून गोळा ५० इंच आणि गोळ्यावर ६०० पौंड धर. पुढच्या चाकांवरून साधारण २०० पौंड निघून जातात आणि मागच्यांवर ८०० पडतात. एअरबॅगमध्ये हवा भरलीस तर गाडी सरळ दिसेल, पण ते २०० पुढे परत जात नाहीत. वळायला आणि ब्रेकला तर पुढचीच चाकं जास्त लागतात.

इथले टेम्पोवाले जादा पाटा चढवतात, त्यातलाच हा प्रकार. बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये नोकरी झाली माझी, पाटे पुष्कळ बदलले. पाटा वाढला तरी आस, टायर, ब्रेक तेच राहतात. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किती वजन चालेल ते छापलेलं असतं. माणसं, हौद्यातलं सामान आणि गोळ्यावरचं वजन, सगळं त्या आकड्यात बसलं पाहिजे. एअरबॅगने तो वाढत नाही.

आधी ट्रेलर उघडून सामान कसं भरलंय ते बघ. गोळ्यावर भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन यायला हवं, म्हणजे तुझ्याकडे ५०० ते ७५०. जड वस्तू ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे, खाली, डावी-उजवी सारख्या. ढोल मागे गेले तरी चालतील, ते नुसते दिसायला मोठे. पण गाडी बसते म्हणून सगळंच मागे ढकलू नका. गोळ्यावर वजन कमी पडलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि ते बसण्यापेक्षा वाईट. मूर्ती कुठे ठेवायची यावरून भांडण होईलच. मागच्या टोकाला हादरे जास्त बसतात, एवढं सांगून ठेवतो.

मग काट्यावर जा. तुमच्याकडे ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, प्रत्येक आसाचं वजन वेगळं मिळतं. एकदा नुसती गाडी, एकदा ट्रेलर जोडून. त्यानंतर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. त्याचे बार ताणले की वजनाचा काही भाग पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. पुढच्या मडगार्डची उंची तीनदा मोज: जोडण्याआधी, जोडल्यावर, बार ताणल्यावर. किती परत यायला हवी ते गाडीच्या पुस्तकात बघ. अति ताणलंस तर मागची चाकं हलकी होतात. रिसीव्हरच्या, म्हणजे गाडीखाली हिच घालायच्या चौकोनी नळीच्या लेबलवर बारशिवाय आणि बारसह असे दोन आकडे असतात, तेही तपास.

एवढं करूनही बसली, तर एअरबॅग. मात्र बार ताणताना त्यांत कंपनीने सांगितलेली किमान हवाच ठेव.

खाली आगमनाची मिरवणूक चाललीय, खिडकी लावून लिहितोय. काही निसटलं असेल तर परत विचार.

---

काका, काट्यावर जाऊन आलो. गोळ्यावर ९३० पौंड! जनरेटर आणि स्टेजचं सगळं लोखंड ट्रेलरच्या अगदी नाकात रचलं होतं. आसाकडे सरकवलं, ६४० वर आलं. अजून थोडी बसते, पण निम्मीसुद्धा नाही. हिच मागवतेय. खजिनदार, बिल पाठवते.

---

६४० ठीक. आता जनरेटर पट्ट्यांनी घट्ट बांध, ब्रेक मारल्यावर तो परत नाकात जायला नको. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत ना? असतील तर ते गाडीतून चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवलाय का, ते कळव. नसेल तर हिचच्या बिलाआधी त्याचं बिल लाव.