मदत हवी आहे: गाडी अडवल्यावर पिस्तूल असल्याचे पोलिसाला आपणहून सांगावे लागते का?

रात्रपाळी: उत्तर आज रात्रीपर्यंत हवे आहे, कारण उद्या पुन्हा त्याच रस्त्याने जायचे आहे. शनिवारी रात्री मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसाने गाडी अडवली. जॅकेटखाली कमरेला पिस्तूल होते आणि त्याचा परवाना माझ्याकडे आहे. त्याने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही आणि तो समज देऊन निघून गेला. शेजारी बसलेली पत्नी तेव्हापासून म्हणते आहे की मी कायदा मोडला. खरेच मोडला का?

ऑस्टिनकर: मुळीच नाही. इथे टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितले की वाहन परवान्यासोबत शस्त्राचा परवानाही दाखवायचा असतो. न दाखवल्याची शिक्षाही २००९ मध्येच रद्द झाली.

भीमथडी: ऑस्टिनकर, ते टेक्सासमध्ये राहतात असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. रात्रपाळी, आपले राज्य कोणते? आपण एच-वन व्हिसावर असाल तर त्याहून मोठी अडचण आहे, कारण काही अपवाद वगळता संघीय कायदा अशा व्यक्तीला बंदूक बाळगूच देत नाही.

रात्रपाळी: मी नागरिक आहे आणि टोलेडो, ओहायो येथे राहतो. रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन निघावे लागते, म्हणून परवाना काढला.

मावळा_ओहायो: मग निश्चिंत राहा. पूर्वी लगेच सांगणे सक्तीचे होते, परंतु १३ जून २०२२ पासून विचारल्यावर खरे सांगितले की पुरते.

पुणेरी_काका: आपल्याकडे निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची बंदूकसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. तीच पद्धत योग्य आहे.

भीमथडी: काका, त्यांचा प्रश्न अमेरिकेतल्या रस्त्याचा आहे.

रात्रपाळी: एक सांगायचे राहिले. गाडी शेजारच्या मिशिगन राज्यात, मन्रोजवळ आय-७५ महामार्गावर अडवली होती. परवाना मात्र ओहायोचाच आहे.

लेकसाइड_आई: सगळा फरक तिथेच पडतो. ओहायोच्या रहिवाशाचा परवाना मिशिगन मानते, पण नियम मिशिगनचे लागू होतात. आणि इथे पिस्तूल अंगावर किंवा गाडीत असेल तर पोलिसाने अडवताच, त्याने विचारण्याची वाट न पाहता, ते सांगावेच लागते. मिशिगनच्या परवानाधारकाला पहिल्या चुकीला ५०० डॉलर दंड होतो आणि परवाना सहा महिने स्थगित होतो. आपल्या पत्नीचे बरोबर आहे.

मिनेसोटावासी: फिलँडो कॅस्टील या वाहनचालकाने ६ जुलै २०१६ रोजी इथल्या फाल्कन हाइट्समध्ये गाडी अडवल्यावर जवळ शस्त्र असल्याचे शांतपणे, आपणहून सांगितले होते, तरी काही सेकंदांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी तो पोलीस अधिकारी निर्दोष सुटला. सांगितले की सुरक्षित झालो, असे कृपया कुणी म्हणू नये.

लेकसाइड_आई: तसे मी म्हटलेले नाही, न सांगण्याची मुभा मिशिगनमध्ये नाही, एवढेच म्हणते. म्हणूनच सांगण्याची रीत आधी घरी ठरवावी. आतला दिवा लावून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत, ‘गन’ हा शब्द पहिल्यांदा न उच्चारता ‘माझ्याकडे शस्त्राचा परवाना आहे आणि ते आत्ता कमरेला उजवीकडे आहे’ असे सांगावे, आणि पोलीस सांगेपर्यंत खिशाकडे हात नेऊ नये. आपले पाकीट कुठे असते?

रात्रपाळी: उजव्या मागच्या खिशात, होल्स्टरच्या अगदी मागे. शनिवारी खिशातून वाहन परवाना काढताना जॅकेट वर सरकले होते आणि पत्नीने माझे मनगट धरले होते. तिने ते का धरले, हे मला आत्ता कळते आहे. पाकीट आजपासून डॅशबोर्डवर राहील. मी स्वतः जाऊन पोलिसांना कळवू का?

भीमथडी: मिशिगनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय कळवू नका. हा धागाही सगळ्यांना दिसतो, तेव्हा ठिकाण आणि वार आधी संपादित करा.