रेव्हिट २०२४ आणि उताराची जमीन
‘रेव्हिट २०२४मध्ये काळ्या पार्श्वभूमीपलीकडे नवे काहीच नाही’ असे इमारतींचे त्रिमितीय आराखडे करण्याच्या या सॉफ्टवेअरबद्दल म्हटले जाते; हे मत मला घाईचे वाटते. पडद्याच्या रंगाचे कौतुक चार दिवसांचे, हे मान्य. परंतु याच आवृत्तीत जमिनीच्या निव्वळ पृष्ठभागाऐवजी टोपोसॉलिड आले, म्हणजेच भूभागाला स्लॅबप्रमाणे जाडी आणि साहित्याचे थर मिळाले. सपाट भूखंडावर काम करणाऱ्यांना त्याचे महत्त्व कदाचित जाणवणार नाही. गोव्यातील पर्वरीच्या उतारावर घर बसवताना मात्र छेदचित्रात वरची माती आणि खालचा जांभा वेगवेगळे दाखवता येतात व खोदाई थेट त्या घनातच करता येते. गोव्यात नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७अ नुसार डोंगराळ जमीन कापण्यास पूर्वपरवानगी लागत असल्यामुळे, कापणी नेमकी कुठे आणि किती होणार हे आराखड्यात स्पष्ट असलेले बरे.

नव्या आवृत्तीतील फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण ती दरवर्षीचीच आहे. आमच्याकडे प्रकल्प ज्या आवृत्तीत सुरू होतो त्यातच पूर्ण केला जातो, आणि स्ट्रक्चरल सल्लागारांची आवृत्ती जुनी असल्यास त्यांना आयएफसी, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या सामाईक स्वरूपातील, फाइल पाठवली जाते. तिच्यातून भूमिती पोहोचते, मात्र मूळ मॉडेलइतक्या सहजतेने फेरफार करता येत नाहीत.