अल्झायमर असलेल्या आईला मदत कुठपर्यंत करावी?

प्रश्न: अल्झायमरचे निदान झालेली आई अजून स्वतः अंघोळ करते, पण कपडे घालताना गोंधळते. मी किती हात लावावा?

उत्तर १: या आजारात नव्या घटनांची स्मृती आधी जाते, तर हातांच्या सवयीची कामे तुलनेने उशिरापर्यंत टिकतात, म्हणून कपडे घालून देण्याऐवजी ते घालण्याच्या क्रमाने मांडून ठेवावेत आणि एका वेळी एकच सूचना द्यावी. वेळ लागेल, तो लागू द्यावा.

उत्तर २: सहमत आहे. मात्र गॅस आणि औषधे यांबाबत स्वावलंबनाचा आग्रह नको. घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतली जाते.

उत्तर ३: गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर तो आजाराचाच भाग न मानता डॉक्टरांना दाखवावे, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गानेही असे होऊ शकते.